चिठ्ठी कोण काढतो?

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो तोच शेजारच्या चाळीतील एक वहिनी समोर आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची चळत. जयभीम झाला आणि त्यांनी सरळ विचारले, "दादा, कायदा आठवीतच का हो संपतो?"

प्रश्न नीट कळायला आम्हाला दोन मिनिटे लागली. वहिनींच्या मुलाचा आठ वर्षांपूर्वी शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांमध्ये एका नामांकित इंग्रजी शाळेत नंबर लागला होता. त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले होते. आठ वर्षे फी नव्हती. सहल, स्नेहसंमेलन, वह्या अशा नावांखाली जे काही मागितले गेले ते त्यांनी हातउसने करून भरले. आता आठवीच्या निकालाबरोबर शाळेने नववीच्या फीचा कागद हातात ठेवला आहे. आकडा आम्ही येथे देत नाही. वहिनी तीन घरची धुणीभांडी करून वर्षभरात जे कमावतात, त्याहून तो थोडाच कमी आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमचा एक भाचा तेथेच उभा होता. पोरगा हुशार आहे, अर्थशास्त्र घेऊन शिकला, एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे आणि अलीकडे खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांची पुस्तके वाचतो. तो म्हणाला, "मामा, सगळा घोळ सरकारने शाळा आपल्या हाती ठेवल्यामुळे आहे. एका मुलामागे जो खर्च होतो तो आईच्या हातात द्या. तिला पटेल त्या शाळेत ती जाईल. शाळा झक मारत सुधारतील."

वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातात कोण देतोय बाबा!"

तेवढ्यावर ती चर्चा संपली, परंतु विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. बाजाराचे नाव काढले की कान झाकून घेण्याची आपल्या चळवळीत एक पद्धत पडली आहे. ती आम्हाला मान्य नाही. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पैसा कोणाकडून येतो, कोणाच्या हातून जातो आणि शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे तपासल्याशिवाय ते कोणत्याही धोरणाला बरे-वाईट म्हणत नसत. आपणही तसेच करू.

भाच्याने जी कल्पना सांगितली ती त्याची नव्हे. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली एका निबंधात ती मांडली. गंमत अशी की त्याच वर्षी ते आपल्या देशाच्या अर्थखात्याला सल्ला देण्यासाठी दिल्लीला येऊन गेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शिक्षणाचा खर्च सरकारने जरूर करावा, पण शाळा सरकारनेच चालवली पाहिजे असे नाही. पालकाला एक कूपन द्यावे, त्याला ते लोक व्हाउचर म्हणतात. हे जणू रेशनकार्डच, फक्त ते एकाच दुकानाला बांधलेले नाही, कोणत्याही मान्यताप्राप्त दुकानात चालते. मूल ज्या शाळेत जाईल तिकडे पैसा जाईल. ज्या शाळेतून मुले निघून जातील तिचे गल्ले ओस पडतील.

या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पैसेवाल्याला शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य आजही आहेच. तो घर बदलतो, देणगी देतो, मोटार पाठवतो. निवड नाही ती गरिबाला. आपल्या वस्त्यांतील किती आया पोटाला चिमटा घेऊन मुलांना गल्लीतल्या इंग्रजी शाळेत पाठवतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. त्या माउल्यांनी फ्रीडमन वाचलेला नाही. समोरच्या सरकारी शाळेत शिक्षक वर्गावर नसतो आणि त्याच्या पगाराला त्याने काहीच फरक पडत नाही, एवढे त्यांनी पाहिलेले असते.

परंतु कूपन कागदावर काय असते आणि कोणाच्या हाती पडल्यावर त्याचे काय होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या दोन गावांच्या हकिकती ऐका.

पहिले ठिकाण म्हणजे व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटी. तेथील फार्मव्हिल गावात काळ्या मुलांची शाळा इतकी अपुरी होती की १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. तो खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदा ठरवणाऱ्या प्रसिद्ध निकालात सामील झाला. आता काळी-गोरी मुले एका बाकावर बसणार! गावच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी काय करावे? १९५९ साली त्यांनी काउंटीतील सगळ्या सरकारी शाळांनाच टाळे ठोकले. गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा उभी केली, आणि तिची फी भरायला पालकांना सरकारी अनुदान मिळू लागले. पालकांचे 'निवडीचे स्वातंत्र्य' असे त्याला गोंडस नावही होते. काळ्यांची मुले मात्र वर्षानुवर्षे शाळेविना राहिली. काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काही चर्चच्या तळघरात अक्षरे गिरवीत बसली, पुष्कळशी शेतावर कामाला लागली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे त्या शाळांची दारे उघडली. सहा वर्षांचे पोर तोवर अकरा वर्षांचे झाले होते.

म्हणजे कूपनाची कल्पना तीच, पण चावी गोऱ्यांच्या हाती. आणि हे करणारी संस्था दूरच्या राजधानीतली नव्हती, अगदी गावातली होती. स्थानिक कारभार म्हणजे लोकांच्या जवळचा कारभार असे आपण ऐकत आलो आहोत. जवळचा खरा, पण कोणत्या लोकांच्या? मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांच्या हाती गेले. त्यावर १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला निवेदन दिले, आणि त्यात या हस्तांतराविषयी स्पष्ट तक्रार केली. ज्या गावकऱ्यांनी पाणवठा बंद केला त्यांच्याच हाती शाळेची किल्ली दिली तर काय होणार, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरे ठिकाण मिलवॉकी, विस्कॉन्सिन राज्यातील मिशिगन सरोवराकाठचे कारखान्यांचे शहर. दक्षिणेतून पोटासाठी आलेली काळी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने वसली. १९७६ साली न्यायालयाने तेथील शाळांतील वंशभेद बेकायदा ठरवला आणि त्यावर उपाय म्हणून मुलांना बसमध्ये घालून दूरदूरच्या शाळांत नेणे सुरू झाले. परंतु बसमध्ये बसायची पाळी बहुतेक काळ्या पोरांवरच येई. पहाटे उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे, आणि शिक्षण तेथेही यथातथाच.

या प्रकाराला विटलेल्या पालकांमधून अॅनेट पॉली विल्यम्स पुढे आल्या. चार मुलांना एकटीने वाढवणारी ही बाई, काही काळ सरकारी मदतीवर दिवस काढलेली. १९८० साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून त्या राज्याच्या विधानसभेत निवडून गेल्या. जेसी जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे काम विल्यम्स यांनी पाहिले. खुल्या बाजाराशी या बाईंचे काही नाते असेल असे कोणालाही वाटले नसते. काळ्या वस्तीसाठी स्वतंत्र शाळामंडळ द्या, अशी मागणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये करून पाहिली. ती फेटाळली गेली. मग त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन यांच्याशी हातमिळवणी केली आणि १९९० साली मिलवॉकीत कूपनांची योजना सुरू झाली.

तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. कूपन फक्त गरिबांच्या मुलांना. शहरातील एकूण विद्यार्थ्यांच्या एक टक्क्याहून जास्त मुलांना नाही. शाळेने कूपनाच्या मुलाकडून वरकड फी घ्यायची नाही. आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेने मुले निवडायची नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या. पहिल्या वर्षी सात शाळा आणि साडेतीनशेहूनही कमी मुले, एवढाच तो पसारा होता.

त्यावर तेथील काळ्या समाजातच दोन तट पडले. शिक्षकांच्या संघटनेबरोबर एनएएसीपी ही काळ्यांची जुनी हक्कसंघटनाही योजनेविरुद्ध न्यायालयात गेली. ज्या संघटनेने शाळांतला वंशभेद मोडण्यासाठी आयुष्य वेचले, तिला सरकारी शाळेतून पैसा बाहेर जाताना पाहवेना. यात आम्ही कोणालाही दोष देत नाही. आपल्याकडे असा प्रश्न आला असता तर आपलेही दोन तट पडले असते. (आपले पाच पडले असते, असे आमचे एक मित्र म्हणतात!)

पुढे काय झाले? १९९५ मध्ये धार्मिक संस्थांच्या शाळांना योजनेत घेतले गेले आणि १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. मुलांची संख्या हजारांत गेली. काही शाळा खरोखर चांगल्या निघाल्या. काही अशा निघाल्या की वर्षाच्या मध्येच बंद पडल्या. एका शाळाचालकाने तर न येणाऱ्या मुलांच्या नावाचे धनादेश वटवून दोन मर्सिडीज मोटारी घेतल्या. बाजारात खराब माल विकणाऱ्याचे दुकान आपोआप बंद होते हे खरे, पण तोवर ज्याने खराब माल घेतला त्याचे काय? खराब डाळ परत करता येते, पोराचे गेलेले वर्ष परत करता येत नाही.

सर्वांत मोठा बदल २०११ साली झाला. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या कारकिर्दीत उत्पन्नाची मर्यादा बरीच वर नेली आणि मुलांच्या संख्येवरची अटही काढून टाकली. पॉली विल्यम्स यांनीच या बदलाला विरोध केला. गरिबांसाठी केलेले दार पैसेवाल्यांसाठी रुंद केले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. ज्या मंडळींनी १९९० मध्ये त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांना आता त्यांची गरज उरली नव्हती. २०१४ साली त्या वारल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. २०२२ मध्ये अॅरिझोना राज्याने तर उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता सर्वांनाच शिक्षणाचा पैसा देऊ केला. तेव्हा पहिल्या लाटेत अर्ज करणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुले आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती.

आता कोणी विचारील की मुले शिकली का? मिलवॉकीच्या पहिल्या काही वर्षांची पाहणी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जॉन विटी यांनी केली. पालक समाधानी होते, परीक्षेच्या गुणांत मात्र मोठा फरक त्यांना दिसला नाही. इतर अभ्यासकांचे निष्कर्ष थोडे वेगळे आले आणि त्यांचे वाद पुष्कळ वर्षे चालले.

आपल्या देशातीलही एक पुरावा आहे आणि तो आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी १८० खेड्यांत चिठ्ठ्या काढून गरीब मुलांना खासगी शाळेची कूपने दिली. चार वर्षांनी पाहिले तर तेलुगू आणि गणितात कूपनाची मुले व सरकारी शाळेतील मुले सारखीच. हिंदीत कूपनाची मुले पुढे. परंतु खासगी शाळेचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. बाजारवाले म्हणतात, पाहा, एवढ्या कमी पैशात तेवढेच काम! आम्ही म्हणतो, तो पैसा वाचला कोणाच्या पगारातून तेही पाहा. खासगी शाळेतले शिक्षक कमी शिकलेले आणि फारच थोड्या पगारावर राबणारे होते. त्यांतही आपल्याच घरातल्या लेकीसुना असतात. दोन्ही बोलणी खरी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे भाग आहे.

आता आपल्या राज्यात येऊ.

आपल्याकडे कूपन हा शब्द वापरत नाहीत, पण पंचवीस टक्क्यांची तरतूद म्हणजे एक प्रकारचे कूपनच. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने शाळेला पैसे द्यायचे, असा त्याचा मथितार्थ. शाळाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने तरतूद कायम केली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र वगळले. मुलाची वा पालकाची चाचणी, मुलाखत घेण्यास आणि देणगी उकळण्यास कायद्याच्या तेराव्या कलमाने मनाई केली. आणि महाराष्ट्रात शाळेने नव्हे, शासनाने संगणकावर सोडत काढायची अशी रीत पडली. अर्ज भरताना अनुसूचित जातीजमातींच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे आपल्यातील पुष्कळांना आजही ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला मिळाला नाही म्हणून घरी बसलेले पालक आम्ही पाहिले आहेत.

या सोडतीचे मोल समजायचे असेल तर थोडे मागे जावे लागेल. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने उत्तर दिले त्याचा भावार्थ असा: न्याय या मुलाच्या बाजूने आहे खरा, पण त्याला घेतले तर बाकीचे सगळे शाळा सोडून जातील आणि शाळा निरुपयोगी होईल. तेव्हा प्रवेश नाही. पुढे वरून कानउघाडणी झाली आणि सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर करावे लागले. हे प्रकरण बाबासाहेबांनी आपल्या लेखनात नोंदवून ठेवले आहे. येथे शाळा सरकारची होती, मात्र निर्णय 'गिऱ्हाईक तुटेल' या भीतीने झाला. शाळा सरकारी असली की न्याय मिळतो आणि खासगी असली की मिळत नाही, असे सोपे गणित आपल्या इतिहासात कधीच नव्हते. १९४५ साली स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटीही खासगीच संस्था की! सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांनी जी पिढी घडवली तिचे वारस आज या पानाचे वाचक आहेत.

म्हणून आमच्या भाच्याला आमचा सवाल सरकार की बाजार असा नाही. दाराशी चार मुले उभी आहेत आणि जागा एक आहे, तेव्हा चिठ्ठी कोण काढतो, एवढेच त्याने सांगावे. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात, पालक शाळा निवडतो. जागा मुबलक असतील तोवर ते खरे. नामांकित शाळेच्या दारात रांग लागली की शाळाच पालकाला निवडते, आणि तेव्हा आपला नंबर कोठे असतो हे धारवाडच्या त्या मुलाला विचारा. फार्मव्हिलमध्ये चिठ्ठीच नव्हती. मिलवॉकीत ती होती म्हणून पॉली विल्यम्स यांच्या वस्तीतील पोरे आत जाऊ शकली.

आणि तांडा-वाडीवर तर रांगही नसते. तेथे जिल्हा परिषदेची एकच शाळा. कमी पटाची म्हणून ती बंद केली तर पोराच्या हातात सोन्याचे कूपन दिले तरी ते वटवायचे कोठे? बाजाराला दुकाने तरी लागतात.

भाच्याचे एक म्हणणे मात्र आम्ही मान्य करतो. सरकार हे वाईट गिऱ्हाईक आहे. कायद्याप्रमाणे शाळेला एका मुलामागे सरकारी खर्चाइतकी किंवा शाळेच्या फीइतकी, दोहोंत जी कमी असेल ती रक्कम मिळते. महाराष्ट्रात ती बरीच वर्षे १७,६७० रुपये होती, आणि तीही वेळेवर नाही. थकबाकी कोट्यवधींच्या घरात गेली, शाळाचालकांच्या संघटना बहिष्काराच्या धमक्या देत राहिल्या. पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पोराकडे दुकानदार कोणत्या नजरेने पाहील? ती नजर वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या आपल्या मुलाला सोसावी लागते. वहिनींच्या मुलाला 'आरटीईवाला' ही हाक त्याच्या नावाआधी ऐकू आली.

थकबाकी भरण्याऐवजी सरकारने काय केले, ते २०२४ साली दिसले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमांत बदल केला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट. कर्नाटकाने २०१९ मध्ये अशाच धर्तीचा नियम केला होता. आता शहरात अशी कोणती गल्ली आहे जिच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा नाही? एका अधिसूचनेने जवळजवळ सगळ्या खासगी शाळा मोकळ्या झाल्या. पालक अर्ज भरायला बसले तर यादीत त्याच शाळा, जेथे मोफत शिक्षण आधीपासूनच होते. अर्जांची संख्या एकदम घसरली. ज्या काळात बससेवेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे खासगीचा घोष चालू होता, त्याच काळात गरिबाच्या पोराला मात्र सांगण्यात आले की तू सरकारी शाळेतच जा!

पालक उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दच केला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्यास नकार दिला. निकाल आपल्या बाजूने लागला खरा, परंतु शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि निकाल जुलैत आला. मधल्या काळात काही शाळांनी त्या जागा फी भरणाऱ्यांना देऊनही टाकल्या होत्या. त्या वर्षी सहा वर्षांची झालेली मुले फिरून सहा वर्षांची व्हायची नाहीत.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. कायदा आठवीतच का संपतो? कारण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा कायदा आहे. चौदा वर्षे ही मर्यादा राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून चालत आली, आणि घटना झाली तेव्हा तेवढे साधणेही डोंगराएवढे काम होते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत टिकतात. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हा हिशेबही त्यांनी त्याच भाषणात मांडला. आज चौथी नव्हे, नववी हा उंबरठा झाला आहे. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात हा कायदा बारावीपर्यंत नेण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती तशी उरली नाही.

खासगी शाळेतून आठवीनंतर बाहेर पडणाऱ्या मुलाची अवस्था विचित्र असते. आठ वर्षे इंग्रजीत शिकलेला, दुसऱ्या बोर्डाची पुस्तके वाचलेला मुलगा ऐन दहावीच्या तोंडावर नवी शाळा, नवी पुस्तके, नवे मित्र. हुशार मुलगा यात एक वर्ष गमावतो, साधा मुलगा शाळाच गमावतो. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पण वहिनींच्या पिशवीतील त्या कागदावरच्या आकड्यापुढे ती म्हणजे दर्यामे खसखस. आमच्या मते कूपनाचा खरा उपयोग करायचा तर तो येथे करावा. जे मूल सोडतीतून आत गेले त्याचा पैसा बारावीपर्यंत त्याच्याबरोबर जाऊ द्यावा, तो वेळेवर द्यावा, आणि सोडत शाळेच्या हाती कधीही देऊ नये. खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांना यातल्या पहिल्या दोन गोष्टी पटतील. तिसरीसाठी आपल्याला भांडावे लागेल.

हे सगळे वहिनींना सांगून काय उपयोग? त्यांना सोमवारी शाळेत उत्तर द्यायचे होते. आम्ही आणि भाचा, दोघेही त्यांच्याबरोबर गेलो. मुख्याध्यापिकाबाई सभ्यपणे बोलल्या. फी हप्त्याने घेऊ, पण माफ करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. भाच्याने पहिला हप्ता भरायची तयारी दाखवली, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवले. "पहिला तू भरशील, दुसरा कोण?" असे म्हणून त्या उठल्या.

मुलाने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले होते. बुधवारी तो आपणहून वडिलांबरोबर स्टेशनजवळच्या एका अनुदानित शाळेत जाऊन आला. तेथील कारकुनाने जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आठवीचे गुणपत्रक मागितले आहे. जुनी शाळा दाखला देण्याआधी स्नेहसंमेलनाचे राहिलेले साडेचारशे रुपये मागते आहे. ते पैसे फीमध्ये मोडतात की नाही, हे विचारायला भाचा शिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेला आहे. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत तो परतलेला नाही.